‘येऊ द्या’ आणि ‘येऊ दे’

तीर्थरूप सुमंतकाकांच्या चरणी हिमानीचा नमस्कार.

मुळात मी आपणांस पत्र लिहावे हेच धारिष्ट्याचे आहे. म्हणून पहिली क्षमा त्याबद्दलच मागते. आपली-माझी भेट नाही. आपला पुतण्या सुशांत याची मी पत्नी. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन बार्शीहून डेट्रॉइटजवळ नोव्हायला आले. लग्नाची पत्रिका आपणांस सांता क्लाराला गेली होती की नाही, हे विचारण्याचे धैर्य मला या घरात अद्याप झालेले नाही. (गेली नसल्यास त्याची क्षमा निराळी मागते, वरच्या क्षमेत ती धरू नये.) आपली प्रकृती उत्तम असावी. सौ. पद्मजाकाकूंचे गुडघे पूर्वी दुखत असत, असे ऐकून आहे. ते आता बरे असावेत, आणि नसल्यास ही चौकशी त्यांना टोचू नये.

या घरात आपले नाव निघत नसे. आता ते दिवसातून अनेकदा निघते, आणि हेच या पत्राचे कारण आहे. आपले थोरले बंधू, म्हणजे आमचे बाबा, यांना वर्षभरापासून विसर पडू लागला आहे. आरंभी चष्मा विसरत, मग शेगडी, मग घरचा रस्ता. वसंतात डॉक्टरांनी त्यांना गाडी चालविण्यास मनाई केली. उभे आयुष्य मोटारींच्या ब्रेकवर घालविलेल्या माणसाला ती मनाई कशी लागली असेल, हे मी लिहीत नाही. ऑक्टोबरात त्यांना अशा रुग्णांच्या निवासात हलवायचे ठरले आहे. तेथे गेल्यावर ते कोणाला किती काळ ओळखतील, याविषयी डॉक्टर काही बोलत नाहीत. तत्पूर्वी एकदा त्यांच्या आवडत्या स्टेट पार्कात, त्यांच्याच आरव्हीतून, म्हणजे त्या चाकांवरच्या घरातून, त्यांना न्यावे असे सुशांतने ठरविले, आणि सध्या आम्ही ह्यूरॉन सरोवराकाठी, आपण दोघे बंधू दर उन्हाळ्यात उतरत होता त्याच जागी आहोत.

या ठिकाणाविषयी माझ्या कल्पना चुकीच्या होत्या, हे प्रांजळपणे सांगते. दहावीत असताना ‘अरण्यातील एक दिवस’ या विषयावरील माझ्या निबंधाला जिल्ह्यात पहिले पारितोषिक मिळाले होते. त्या निबंधात विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि शेजारच्या जागेत दूरदर्शनवर बेसबॉल पाहणारे आजोबा नव्हते. येथील अरण्याला क्रमांक आहेत. प्रत्येक क्रमांकात एक लाकडी टेबल, शेकोटीसाठी एक लोखंडी कडे आणि बेतशीर झाडे. प्रवेशद्वारी नियमांची पुस्तिका देतात. ती मी अथपासून इतिपर्यंत वाचली. (असे करणारी मी पहिलीच, असे तेथील मुलगी म्हणाली. प्रशंसा असावी.) त्यात खाद्यपदार्थ बाहेर ठेवू नयेत असे स्पष्ट लिहिले होते, तरीही मी बेसनाच्या लाडवांचा डबा टेबलावर विसरले. तोंडावर काळी पट्टी असलेला रॅकून नावाचा प्राणी आला. त्याने झाकण दोन्ही हातांनी उघडले आणि एकेक लाडू नीट न्याहाळून खाल्ला. मी खिडकीतून ‘शुक् शुक्’ केले. त्याने माझ्याकडे पाहिले, आणि लाडू जरा कोरडा झाला आहे अशा मुद्रेने पुढचा उचलला. मला ओरडता आले नाही. मला लहानपणापासूनच ओरडता येत नाही, आणि ही उणीव पुढील हकिकतीत महत्त्वाची आहे.

आपणांस ठाऊक असलेली गोष्ट आपणांसच सांगणे हा उद्धटपणा होईल. पण मला ती सुशांतकडून कळली असल्याने पडताळणीसाठी लिहिते. अकरा वर्षांपूर्वी याच जागेत बाबा गाडी मागे घेत होते आणि आपण नेहमीप्रमाणे मागे उभे राहून वाट दाखवीत होता. गाडी तिरकी येते आहे असे पाहून आपण म्हणालात, “जाऊ दे.” सोड, पुन्हा पुढे घे, असा आपला अर्थ होता. मागे जाऊ दे, असा अर्थ बाबांनी घेतला आणि जाऊ दिली. नळ मोडला, कारंजे उडाले, गाडीची मागची काच फुटली. त्यानंतर कानाच्या डॉक्टरांनी, म्हणजे आपण, ब्रेकच्या इंजिनिअरला कान तपासून घेण्यास सांगितले, आणि ब्रेकच्या इंजिनिअरने कानाच्या डॉक्टरांना जिभेला ब्रेक लावण्यास सांगितले. आपण भिजल्या कपड्यांनी विमानतळ गाठलात, आणि पुढे सासूबाई वारल्या तेव्हा आपल्याकडून फुले आली. त्या फुलांवर आपले नाव होते, मजकूर नव्हता, असे सुशांत सांगतो. मी मराठी हा विषय घेऊन पदवी मिळविली आहे, म्हणून या वाक्याचा खूप विचार केला. काका, व्याकरणदृष्ट्या दोघांचेही बरोबर आहे. एवढी वर्षे ज्यावरून बोलणे बंद राहिले, तेथे दोघांपैकी एकाचीही चूक निघू नये, याचे मला फार वाईट वाटले. चूक असती तर कोणीतरी ती कबूल तरी केली असती.

तर, गुरुवारी दुपारी आम्ही येथे पोहोचलो. गाडी सुशांत चालवीत होता. ती मागे घेण्याची वेळ आली, तेव्हा शेजारच्या सीटवरील बाबांनी आपल्या बाजूचे दार उघडले आणि ते बाहेर वाकून मागे पाहू लागले. सुम्या मागे उभा आहे ना, असे त्यांनी विचारले. काका कॅलिफोर्नियात आहेत, मी कॅमेऱ्यात बघून रिव्हर्स घेतो, असे सुशांतने सांगितले. कॅमेऱ्याला काय कळतंय, बाबा म्हणाले, आणि सुम्या उभा राहिल्याशिवाय दार लावायचे नाही, म्हणाले. दार उघडे असताना गाडी हलविता येईना. मागे चार गाड्या खोळंबल्या. बेसबॉलवाल्या आजोबांनी दूरदर्शन बंद करून खुर्ची आमच्याकडे वळविली. “हिमानी, तू मागे जाऊन उभी राहा ना यार, आणि जरा लाऊडली ओरड,” असे सुशांत मला म्हणाला.

मी मागे गेले आणि म्हणाले, येऊ द्या. ते मलाही ऐकू आले नाही. पुन्हा म्हणाले. तिसऱ्या वेळी माझा आवाज गाडीच्या टोकापर्यंत पोहोचला असावा. कारण बाबांचे उत्तर सर्वांना ऐकू आले.

“हा कोण परका उभा केलाय? ‘येऊ द्या’ म्हणतोय. सुम्या मला अहो-जाहो करतो का कधी?”

काका, माझी अडचण आपण समजून घ्यावी. ज्यांना मी वाकून नमस्कार करते, चहा देताना ‘घेता का’ असे विचारते, त्यांना भर रस्त्यात, परक्या मंडळींदेखत, एकेरीत कसे संबोधावे? माझ्या आईने ऐकले असते तर तिने अंथरूण धरले असते. मी झाडांकडे तोंड केले, डोळे मिटले आणि म्हणाले, “दादा, येऊ दे.”

दार लागले. गाडी हलली. येऊ दे, दादा, येऊ दे, असे मी म्हणत राहिले. (डोळे मिटलेल्या माणसाने वाट दाखवू नये हे मला कळते, पण कॅमेरा होता.) शेवटी ‘बस’ म्हणाले आणि गाडी जागच्या जागी थांबली. आजोबांनी टाळ्या वाजविल्या. समोरच्या जागेतील दोन मुली तेव्हापासून आपले वडील बोटीची गाडी मागे घेत असताना ‘येऊ दे’ असेच ओरडतात, आणि त्यांचे उच्चार स्वच्छ आहेत. बाबा खाली उतरले, काठी टेकीत मागे आले, नळ आणि गाडी यांमधले अंतर त्यांनी पाहिले. मग माझ्या खांद्यावरून मागच्या झाडांकडे पाहत ते म्हणाले, “सुम्या, या वेळी जमलं बघ.” त्यानंतर त्यांनी मला अतिशय सौजन्याने माझे नाव विचारले.

त्या घटकेपुरते सारे ठीक झाले असे मला वाटले होते. पण माझ्या त्या हाकेने निराळाच अनर्थ केला आहे. आपण येथे आला आहात अशी बाबांची खात्री झाली आहे. ते शेकोटीपाशी आपल्यासाठी खुर्ची मांडतात आणि तीवर कोणाला बसू देत नाहीत. पिठले-भात आपल्यासाठी झाकून ठेवायला लावतात. सुम्या कुठे गेला असे विचारतात, तेव्हा सुशांत उठून सरोवराकडे जातो आणि मला काहीतरी सांगावे लागते. पहिल्यांदा जे सुचले तेच आता बदलता येत नाही. कळविण्यास संकोच वाटतो, पण बाबांच्या लेखी आपण गुरुवारपासून सार्वजनिक स्नानगृहात आहात. इतका वेळ काय करतो, असे त्यांनी काल विचारले. रांग मोठी आहे, असे मी सांगितले. त्याला लहानपणापासून अंघोळीला वेळ लागतो, असे म्हणून ते हसले, आणि माझ्याकरवी त्यांनी आपल्यासाठी पंचा स्नानगृहाच्या दाराशी पाठविला. मी तो घेऊन गेले. दाराबाहेरच्या बाकावर थोडा वेळ बसले, आणि तसाच परत आणून पिशवीच्या तळाशी ठेवला.

विस्तार फार झाला. शब्दमर्यादा पाळणे मला परीक्षेतही जमत नसे. काकूंना नमस्कार सांगावा. लहान तोंडी काही अधिक बोलले गेले असल्यास ते माझ्या वयाच्या खाती घालावे.

आपली आज्ञाधारक,
सौ. हिमानी

ता. क. : वास्तविक पत्राचा हेतू लहानसा होता, आणि तो लिहायचाच राहिला. येत्या गुरुवारी येथून निघून घरी पोहोचल्यावर गाडी पुन्हा मागे घ्यावी लागेल. आपण ‘दादा, येऊ दे’ एवढेच शब्द फोनवर ध्वनिमुद्रित करून पाठविल्यास माझ्याकडून मोठ्यांचा अवमान पुन्हा होणार नाही. बोलण्याची गरज नाही. नुसता आवाज पुरे आहे.

ता. क. २ : वरची विनंती मी मागे घेते. या पानांची छायाचित्रे काढीत होते, तेव्हा बाबा टेबलापाशी आले. कोणाला लिहितेस, असे त्यांनी विचारले. माझ्याने स्नानगृहाचे कारण पुढे रेटवेना. सुमंतकाकांना, असे खरे ते सांगितले. कागदाकडे पाहत ते म्हणाले, “त्याला विचार, माझं काय चुकलं. मला आठवत नाहीये. पण काहीतरी चुकलंच असणार. नाहीतर तो इतके दिवस यायचा राहिला नसता.” याचे उत्तर मी द्यावे असे मला वाटत नाही, आणि फोनवर पाठविण्याजोगेही ते नाही. आम्ही गुरुवारपर्यंत येथे आहोत. डेट्रॉइटच्या विमानतळावर सुशांत कोणत्याही वेळी घ्यायला येईल.

पाठविले : शनिवार, दिनांक १६ ऑगस्ट २०२५, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे.