मुद्दाम लावलेला लव्हाळा

आई, बंगल्याच्या मागं मी लव्हाळा लावलाय. चुकून उगवलेला नाही, विकतचा. तू असतीस तर खुरपं फेकून मारलं असतंस.

नवरा गेल्यापासून मी घाटघरला एका मॅडमच्या बंगल्यावर बागकाम करते. मागची खोली त्यांनी राहायला दिली, तेवढंच घर. मागची भिंत आणि जांभळाचं झाड यांच्या मधी एक कोपरा आहे, तिथं ऊन म्हणून पडत नाही. पावसाळाभर पाणी झिरपतं, नंतर शेवाळ. गुलाब गेला, लॉन कुजलं. मॅडम वैतागल्या. म्हणाल्या, "या पावसाळ्यात तिथं काही धरलं नाही तर सरळ फरशी टाकू. मग खोलीचंही बघावं लागेल, फरशीला माळीण कशाला?" तोंडावर बोलल्या ते बरं. मग त्यांनीच पुण्याच्या नर्सरीतून टेम्पो भरून कुंड्या आणल्या. बघते तर लव्हाळा. पातीच्या कडेला पांढरी रेघ, एखाद्या कुंडीत पिवळसर झाक, पण दांडा तोच तिकोनी. मी म्हटलं, "मॅडम, हे आमी जलमभर उपटलं." त्या हसल्या. "हा शोभेचा आहे. याला सावली आणि ओलच लागते."

महाळुंग्याची कांद्यातली खुरपणी आठवते. मी दहा-अकरा वर्षांची, तू शेजारच्या वाफ्यात. मी घाईनं वरची पात ओढते, ती तट्‌कन तुटून हातात येते, गाठ मातीतच राहते, आणि तो आवाज तुला बरोबर ऐकू जातो. "गाठ काढ, गाठ! नुसते केस कापायला तू काय न्हावी हाईस?" सगळ्या बायका हसतात. मला रडू येतं आणि तू बघतही नाहीस. उपटलेला लव्हाळा मुळं वर करून उन्हात टाकायचा ही तुझी शिस्त. पावसाच्या दिवसांत कुणी बांधावर टाकला की तू तिच्या अंगावर जायचीस. "मेला का त्यो? पावसातला लव्हाळा म्हंजी रुसून म्हायेरी गेलेली सून, परत येती!"

या शोभेच्या लव्हाळ्याला गाठ नाही, नुसता झुपका असतो. मी तो भाताच्या रोपासारखा बोटानं बसवला, बुडखा मातीच्या वर ठेवून, नायतर मधलं कुजतं. खाली पालापाचोळा घातला. आषाढात नवी पात फुटली. मला वाटलं, राहिली खोली.

मग मला ताप आला. जुन्नरला दवाखान्यात जायचं म्हणून तुझ्या खुरपणीच्या टोळीतल्या मावशीला बोलावलं. ती हल्ली लेकीकडं इथंच असते. तिला म्हटलं, मागच्या कोपऱ्यातलं तण तेवढं काढ. एवढंच म्हटलं. संध्याकाळी आले तर कोपरा काळाभोर, सारवल्यासारखा. मावशी कमरेवर हात देऊन उभी.

"कसं लख्ख केलंय बघ. लई लव्हाळा माजवला व्हतास गं. तुझी आई असती तर तुझं तोंड बघितलं नसतं."

"मावशे, त्योच लावला व्हता."

"लव्हाळा? लावला?" तिनं माझ्या कपाळाला हात लावला. "तापात बोलतीस का काय?"

मला राग आला नाही. रडू पण नाही. खोली गेली, आता पेटी कुणाच्या घरी ठेवायची एवढाच विचार करत उभी राहिले. मावशीच म्हणाली, "कुंपणापल्याड बांधावर टाकलाय, मुळं वर करून. पर ऊन कुठंय? मेला नसंल." आठ दिवस सूर्य दिसला नव्हता. जाऊन बघितलं तर पांढरी मुळं ओलीगच्च, जिवंत. तिनं तुझ्या वळणानं एकेक झुपका आपटून माती झाडली होती, त्यामुळं एकाचे दोन-तीन झाले होते. अंधार पडेपर्यंत दोघींनी ते परत बसवले. मावशी सारखी म्हणत होती, "काय पाप करायला लावतीस गं मला."

मॅडम पुण्याहून श्रावणात आल्या. कोपरा आधीपेक्षा दाट. "अगं, केवढा भरला! झुपके फोडून लावलेस का? छान केलंस." फरशीचं नाव पुन्हा निघालं नाही. खोली राहिली. मला काहीतरी वाटायला पाहिजे होतं. मी चहा ठेवला.

जाताना मॅडमनी मला लव्हाळ्यात उभं करून माझ्याच मोबाईलवर फोटो काढला. तो मावशीला दाखवला. तिनं लांब धरून बघितला आणि पदर तोंडाला लावला. "ही तर तुझी आईच उभी हाय गं. नाक, कपाळ, समदं." बराच वेळ रडली. मी फोन परत घेतला, चष्मा लावून बघितलं. पुन्हा पुन्हा बघितलं.

चौथीपर्यंत शिकलेल्या हातानं एवढं लिहिलं ते कुठं टपालात टाकायचं नाही म्हणूनच लिहिलं. तुझा एकही फोटो कुणाकडं नाही. तुझं बोलणं आठवतं, खुरपं धरलेला हात आठवतो. मावशीला मी म्हटलं, "व्हय, तशीच दिसते." तिला बरं वाटलं, ती घरी गेली. मला काही कळलं नाही, आई. तुझा चेहरा मला आठवत नाही.