पन्हळीतला धूर

सोमवार, ३ मार्च. सकाळी १०.२०
गावाच्या सांडपाणी केंद्रात यापुढे एकाही नव्या घराची सोय नाही. कौन्सिलच्या इंजिनिअर नूला टियरनन यांनी आत्ताच फोनवर पक्कं सांगितलं. म्हणजे आमच्या मागच्या शेतातल्या घराला परवानगी नाही. दुसऱ्यांदा.

घाबरलेलो नाही. चहा सांडला, तो कप ओला होता म्हणून.

डिंफ्नाला बोललो नाही. बायकोला अर्धवट माहिती देऊ नये. सोर्खाला तर नाहीच. आमची मुलगी. नवरा आणि आठ महिन्यांचं बाळ घेऊन २९ तारखेला ऑस्ट्रेलियातून, पर्थहून, कायमची आयर्लंडला परत येते आहे. नोकरी सोडली, सोफा विकला. 'बाबा, घर कुठवर आलं?' असं जानेवारीत सारखं विचारायची, तेव्हा मी पायाचा फोटो पाठवला. पाया शेजारच्या पॅकी लॅव्हिनच्या नव्या गोठ्याचा होता. पण काँक्रीट ते काँक्रीट.

निश्चय: आठवड्यात प्रश्न निकालात.

गुरुवार, ६ मार्च
स्वतः कौन्सिलमध्ये गेलो. पस्तीस वर्षं घरं बांधली, साहेबलोकांशी कसं बोलायचं ते कळतं.

नूलाबाईंनी आलेख दाखवला. कोरड्या दिवशी केंद्र आरामात चालतं. पाऊस पडला की तिप्पट पाणी. म्हणाल्या, 'मॅलकी, हे काही कुणाच्या बाथरूममधलं पाणी नव्हे.' मी म्हणालो, पावसात माणसं घरी बसतात, चहा जास्त पितात, पुढचं ओघानं आलंच. त्यांनी चष्मा काढून पुसला. छाप पडली असावी.

त्यांचं म्हणणं, छपराचं पाणी शोषखड्ड्यात जायला हवं, ते कुणीतरी गटाराला जोडलंय. मी टेबलावर हात आपटला. 'शोधून काढा त्याला! तरुणांची घरं अडकलीत!' त्या म्हणाल्या, उपाय आहे. गटारात धूर सोडायचा. ज्या छपराचं पाणी गटारात जातं, त्याच्या पन्हळीतून धूर बाहेर येतो. फक्त गावकऱ्यांची मागणी हवी.

सह्या मी आणतो म्हणालो.

रविवार, ९ मार्च
प्रार्थनेनंतर चर्चच्या फाटकापाशी एक्केचाळीस सह्या. पॅकी म्हणाला, 'तू आणि गटाराची काळजी? निवडणुकीला उभा राहतोयस की काय लेका?' जळतो.

ब्रिजिड टेरेस या जोडघरांच्या रांगेतल्या चौदाही घरांनी सही केली. चांगली माणसं. ती रांग मीच बांधली, चौऱ्याण्णव साली.

मंगळवार, ११ मार्च. सकाळी ६
ब्रिजिड टेरेस. चौऱ्याण्णव. खाली खडक.

चौदा शोषखड्डे म्हणजे पंधरा दिवस खडक फोडणं. आणि गटाराचा पाइप तिथेच उघडा. आणि शुक्रवार.

नाही. मला काहीही आठवत नाही.

सकाळी ६.४०
त्या काळी सगळेच करायचे. शिवाय तीस वर्षांत पाइप आपोआप सरकतात.

सकाळी ७
आमचं घरही त्याच महिन्यात बांधलं. उरलेल्या पाइपांत.

गुरुवार, १३ मार्च
नूलाबाईंना फोन. धूर म्हाताऱ्यांना बाधेल, तपासणी रद्द करा. त्या म्हणाल्या, निरुपद्रवी असतो. घरोघर पत्रंही गेलीत: 'श्री. मॅलकी डिव्हेनी यांच्या पुढाकाराने'.

नवी योजना. शिडी लावून आमच्या पन्हळीच्या तोंडात जुना मोजा कोंबला. उतरताना डोळे मिटले, वाऱ्यामुळे. खालून डिंफ्ना म्हणाली, 'अहो, मोजे वाळत घालायला दोरी आहे ना?' पक्ष्याचं घरटं बघतोय म्हणालो. ब्रिजिड टेरेसच्या पन्हळींत चौदा मोजे दिवसाउजेडी कसे कोंबायचे?

बुधवार, १९ मार्च. दुपारी
सकाळी अकराला धुराचं यंत्र सुरू झालं. सगळं गाव रस्त्यावर. दोन मिनिटं काहीच नाही. मी श्वास सोडला.

मग एक नंबरच्या पन्हळीतून पांढरा धागा निघाला. मग दोन. मग तीन. चौदाच्या चौदा, म्हाताऱ्यांनी ओळीनं बसून पाइप ओढावेत तसे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. इतक्यात पॅकी ओरडला, 'मॅलकी, पळ! तुझं घर पेटलं रे!'

धूर मोज्याच्या भोवतीनं येत होता.

नूलाबाईंनी शांतपणे विचारलं, 'ही घरं कुणी बांधली?' मी म्हणालो, फार जुनी आहेत. नऊ नंबरच्या मिसेस गॉर्म्ली ऐंशीच्या. काठी उचलून म्हणाल्या, 'यानंच! शुक्रवारी घाईघाईनं उरकून गेला. मी तेव्हाच म्हटलं होतं, खड्डे कुठायत?'

चौदा घरं माझ्याकडे बघत होती. पॅकीनं तर डोक्यावरची टोपी काढली. त्यानंच जास्त भीती वाटली.

शुक्रवार, २१ मार्च
नूलाबाईंचा निरोप: पंधरा छपरं गटारातून काढली, तर सहा नव्या घरांची सोय होईल. परवानगीचं मग बघू, शरद ऋतूच्या आत नाही. खड्डे ज्यानं टाळले त्यानंच खणावेत, असं ब्रिजिड टेरेसवाल्यांचं एकमत.

डिंफ्नाला सगळं सांगायचं ठरवून स्वयंपाकघरात गेलो. ती बशा पुसत होती. म्हणाली, 'माहितीये. सोर्खाला मी बुधवारीच सांगितलं.'

पाया आपला नाही, हे सोर्खाला जानेवारीपासूनच माहीत होतं. फोटोच्या कोपऱ्यात गाय होती.

मग बोलली का नाही, असं मी विचारलं. डिंफ्ना म्हणाली, 'सोर्खा म्हणाली, बाबा आधीच घाबरले असतील.'

२९ला दुपारी विमान डब्लिनला उतरेल. पाळणा अडगळीच्या खोलीत लावला आहे. सोमवारी, ३१ला, एक नंबरच्या दारात पहिला खड्डा. जावई हिशेबनीस आहे, त्यानं फावड्याबद्दल विचारलं आहे. त्या आठवड्यात रोज पाऊस सांगितलाय.