न हरवलेलं कानातलं

आई, मी आता व्यायाम करते. हे ऐकून तू आधी पोट धरून हसली असतीस, मग पिठाचा हात कपाळावर मारून म्हणाली असतीस, "दिवसभर रानात राबती, ते कमी पडलं का गं?" म्हणून तर मी घरातही कुणाला सांगितलेलं नाही. सूनबाईला वाटतं, मी सकाळी गोठ्यामागं गोवऱ्या थापते. तेवढ्या गोवऱ्या खरंच थापल्या असत्या तर सगळ्या मखमलाबादच्या चुली पेटल्या असत्या.

झालं असं, की दसऱ्याच्या तोंडावर झेंडूची कॅरेट टेम्पोत चढवताना कमरेत अशी चमक भरली की मी होते तिथंच वाकलेली राहिले. ना वर होता येईना, ना खाली बसता येईना. पोरानं नाशिकला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि व्यायाम शिकवणाऱ्या एका पोरीकडं धाडलं. माझ्या धाकटीहूनही लहान असेल. ती म्हणते, "मावशी, खुर्चीवरून हात न टेकता उठा बरं." मी मनात म्हटलं, अगं बये, डोक्यावर कोथिंबिरीचं गाठोडं घेऊन बांधावरून पळणारी बाई मी, मला उठायला शिकवतेस होय! आणि उठायला गेले तर पाय लटपटले, हात टेकावाच लागला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती बिचारी हसली नाही. म्हणाली, "काम म्हणजे व्यायाम नाही, मावशी. तुम्ही वर्षानुवर्षं एकाच जागी वाकताय. दोर जिथं घासतो तिथंच तुटतो ना? बाकीच्या अंगात ताकद आणली तर कमरेवरचं ओझं कमी होईल."

तेव्हा मला तूच आठवलीस. शाळेच्या शर्यतीत नाव दिलं म्हणून मी सिन्नरच्या आपल्या अंगणात बैठका मारत होते, तर तू गोठ्यातून ओरडलीस, "अंगात एवढी रग हाय ना, मग शेणाची पाटी उचल. व्यायाम बसून खाणाऱ्यांनी करायचा!" मी मुकाट्यानं पाटी उचलली. तुझं म्हणणं मला पटलं, आणि परवापरवापर्यंत पटलेलंच होतं. पण तुझी कंबर पुढं इतकी वाकली की समोरच्याचं तोंडही तुला दिसायचं नाही. माणसं तू चपलांवरून ओळखायचीस. अजून मला तो दिवस दिसतो. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे, तू चुलीपाशी माझ्या पायांकडं बघत म्हणतेस, "आलीस व्हय?" आणि कानातली फुलं काढून माझ्या हातावर ठेवतेस. "घाल तूच. माझी मान वर व्हत नाय, कुणाला दिसायचीत आता?" मी तेव्हा रडले नाही, घरी आल्यावर रडले.

आता त्या फुलांचंच सांगायचंय. इथं आमच्या मळ्यात खुडणीला एक मावशी येते. माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठी, नवरा नाही, घर तिच्या हातापायांवर चालतं. कंबर तुझ्याच वाटेला लागलेली. मागं एके दिवशी ती रोजच्यापेक्षा लवकर आली, आणि मी गोठ्यामागं बारदानावर गुडघे-हात टेकून, एक हात पुढं, एक पाय मागं अशी! नुसता विचार कर. तिनं विचारलं, "काय गं बाई, काय झालं?" चोराच्या मनात चांदणं. मी पटकन पाय खाली घेतला आणि म्हटलं, "कानातलं पडलं गं मावशी, आईचं. शोधते."

मला वाटलं, बरं म्हणेल आणि जाईल. पण ती म्हणाली, "आईचं? आगं बया!" आणि तशीच धुळीत बसली. माती चाळायला लागली, गवताची काडी न् काडी उलटायला लागली. "ऱ्हाऊ दे मावशी, सापडेल," मी म्हणत राहिले. ती ऐकेना. "आईची वस्तू अशी सोडायची नसती." उकिडवं बसून बसून तिचा श्वास लागला तरी ती सरकतच होती, पुढं पुढं. खरं बोलायला एक वाक्य लागलं असतं. माझ्या तोंडून ते निघालं नाही. शेवटी मी पाठ फिरवली, डोक्याच्या रुमालाखाली हात घालून फिरकी सोडवली आणि तुझं फूल धुळीत टाकलं. ते तिलाच दिसलं. काय आनंद झाला तिला! कपाळाला लावून माझ्या हातावर ठेवलं. मग उठायला गेली तर उठता येईना. मी काखेत हात घालून तिला उभी केली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही नाही. मी तिच्या घरी गेले तर खाटेवर पडलेली. मला बघून पहिला प्रश्न काय? "फिरकी घट्ट बसवली ना गं?" आई, मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मी रोज जात राहिले. कळ कमी झाली तशी तिला खाटेच्या कडेला बसवलं आणि हात न टेकता उठायला शिकवलं. वाकायचं कसं, पाठ सरळ ठेवून ओझं अंगाजवळ कसं धरायचं, सगळं दाखवलं. ती आधी बिचकली. "हे कुठनं शिकली? असले श्रीमंती चोचले आपल्याला नाय शोभत." दवाखान्यातल्या त्या पोरीचं नाव माझ्या ओठावर होतं. पण नाव सांगितलं की गोठ्यामागचं सगळंच उघडं पडणार. मी म्हटलं, "आईनं शिकवलंय. जुना उपाय आहे." झालं, ती लगेच तयार! आता कामावर येते. खुडणीच्या बायकांनाही सांगते, हिच्या आईचा उपाय लय गुणाचा हाय. बायका बांधावर ओळीनं उठाबशा काढतात, उघड्यावर, हसत-खिदळत. मी मात्र अजून गोठ्यामागंच.

हे लिहून झालं की चुलीत घालीन. सूनबाईच्या हाती लागलं तर पंचाईत. फक्त एक सांगायचं राहिलं. काल घरी जाताना मावशी मुद्दाम थांबली. तिनं तुला कधी बघितलेलं नाही. माझ्या कानातल्या फुलाला हात लावून म्हणाली, "तुझी आई शेवटपर्यंत ताठ चालत आसंल ना गं?"

मी हो म्हणाले.