यजमान बसत नाही

२७ एप्रिल २०००

सुटलो! चार तास ठाण्यात. गुन्हा काय – तर नगरपालिकेच्या पायऱ्यांवर आम्ही सरकारविरोधी संघटनेच्या पोरांनी घरातल्या जुन्या सपाता मांडल्या आणि राष्ट्राध्यक्षांना उद्देशून पाटी लावली, ‘साहेब, फार दमलात, आता घरी बसा.’ पोलिसांनी एकेक सपात उचलून जप्त केली, पंचनाम्यासकट! आमच्यातला वुकाशिन इन्स्पेक्टरला म्हणाला, "काका, ती निळी जपून हं, आजीची आहे." त्याच्या कानाखाली बसली. मग कुणी हसलं नाही.

आई रडली. बाबा आत निघून गेले.

३ मे

हेडमास्तरांनी बाबांना बोलावलं होतं. सव्वीस वर्षं भूगोल शिकवतायत त्या शाळेत. "तुमच्या यास्नाला ठाण्यात लिहून द्यायला लावा – चुकले, संघटना सोडली. सोमवारपर्यंत. नाहीतर नोकरी विसरा." नाक बाबांचं दाबायचं, तोंड माझं उघडायचं! असे कागद गावच्या रेडिओवर दुपारी बाराच्या बातम्यांत वाचतात. गेल्या महिन्यात आमच्या संघटनेतल्या मिलिंकाचा वाचला. तिच्याशी आता कुणी बोलत नाही. मीही नाही.

हे सगळं आईकडून कळलं. बाबा माझ्याशी बोलतच नाहीत. निदान ओरडा तरी!

६ मे, शनिवार

आमच्या घराण्याच्या संताचा सण. या सणाला आमंत्रण कधी द्यावं लागलेलं नाही. दरवर्षी माणसं आपणहून येतात, शेजारच्या खुर्च्या आणाव्या लागतात.

आज पाद्रीबुवा आले, पाव कापला, आशीर्वाद पुटपुटले आणि पाच मिनिटांत पसार! त्यानंतर कुणीही नाही. समोर दिवसभर पोलिसांची गाडी. शाळेतला एकही मास्तर फिरकला नाही. सख्खा काका नाही! काकूचा फोन – "त्यांना ताप आहे गं."

आणि बाबा उभे. सणाला यजमानाने बसायचं नसतं, पाहुण्यांना वाढायचं असतं.

"अहो, पण पाहुणे आहेत कुठे?" आई म्हणाली.

"येतील."

कोट घालून, हातात ब्रँडीची बाटली घेऊन, सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत उभे. शेवटी आईने मटण परत पातेल्यात भरलं. बाबांनी बूट काढले तेव्हा पाय सुजलेले दिसले. हे तुझ्यामुळे, असं एकदाही म्हणाले नाहीत. म्हणायला हवं होतं. माझ्यापायी माणूस मोडला. मला नाही बघवत.

७ मे

वुकाशिनला सांगितलं – उद्या सही करणार. "कर. तुझ्या बापाने कुणाचं काय घोडं मारलंय?" असं म्हणाला खरा, पण माझ्याकडे बघत नव्हता.

८ मे, सोमवार

दहाला ठाण्यात जाऊन सही केली. "शहाणी मुलगी!" इन्स्पेक्टर म्हणाला.

घरी आले तर बाबा स्वयंपाकघरात बसलेले – शाळेच्या दिवशी! सकाळी आठलाच राजीनामा देऊन आले. शनिवारी उभ्या उभ्या ठरवलं म्हणे. "आता तुझ्याकडून कुणी काही लिहून घेऊ शकत नाही, पोरी." आणि हसले. किती दिवसांनी!

मी अजून काही सांगितलेलं नाही. त्यांनी रेडिओ लावलाय. बाराला दहा कमी आहेत.