वॉन्सानला केलेलं भाषण

२१ सप्टेंबर १९८१, वॉन्सान

पुन्हा नेत्याचा पुतळा. पुन्हा फुलं, पुन्हा रांग, पुन्हा कमरेतून वाकणं. ओसाकात पोलिसांपुढे कधी न वाकलेली माझी कंबर – आता नुसती ठणकते. गाईड म्यंगसुक माझ्या मुलीच्या वयाची. सावलीसारखी मागे. बसच्या खिडकीबाहेर बोट केलं की म्हणते, "मावशी, तिकडे काही नाही." तिकडे बायका डोक्यावरून दगड वाहत होत्या.

तेग्यू याच गावात आहे. माझा धाकटा भाऊ. एकोणीस वर्षांचा असताना ओसाकाहून इकडे, मायदेशी परतणाऱ्यांच्या बोटीत बसला, तो गेलाच. भेट कधी म्हणून विचारलं. "उद्या."

२२ सप्टेंबर

उद्या म्हणे.

२३ सप्टेंबर

आला. हॉटेलच्या खोलीत भेट, दाराशी खुर्ची टाकून म्यंगसुक. आधी भिंतीवरच्या तसबिरीकडे तोंड करून त्याने नेत्याचे आभार मानले, मग मला "ताई" म्हणाला. पुढचे दात गेलेत. माझ्याहून थोरला दिसतो.

"अजून माईकशिवायच ओरडतेस का गं?"

"माईक देतंय कोण?"

म्यंगसुकही हसली. त्याने संत्रं खाल्लं, साल खिशात घातली. बायको वाळवून चहा करते म्हणे.

त्याला स्वेटर दिले, पोटाची औषधं, नवे बूट. बुटांना ओरखडे नकोत म्हणून टेबलावरच्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. आमच्या गल्लीत मासळीपासून बशांपर्यंत सगळं पेपरातच गुंडाळतात. हात सवयीने चालले.

२४ सप्टेंबर

त्या पानावर नेत्याचा फोटो होता. त्यात बूट!

हॉटेलच्या फाटकावर पहारेकऱ्यांनी गाठोडं उघडलं, म्यंगसुकने सांगितलं. तेग्यू म्हणाला, मीच गुंडाळले. कालपासून घरी पोचलेला नाही.

म्यंगसुकला म्हटलं, मी गुंडाळले, मला धरा. तिने मान हलवली. "मावशी, तुम्ही पाहुण्या. पाहुण्यांच्या हातून असं होत नसतं." मग हळूच – "साहेब म्हणतात तुम्ही फार छान बोलता. उद्या निरोपाच्या जेवणाला चार शब्द बोला. इथल्या सुखाबद्दल."

"आणि तेग्यू?"

"चांगलं बोला."

जन्मभर व्यासपीठावरून सांगत आले – जे पटत नाही त्याचं एक वाक्यही तोंडातून काढू नका. एवढं वाचलं, एवढं बोलले. आता नुसतं झोपावंसं वाटतं.

२५ सप्टेंबर

बोलले.

वाईट बोलायचं ठरवलं होतं. अडखळत, पाठ केल्यासारखं, ओळखणारे ओळखतील. पण उभी राहिले आणि शेवटच्या रांगेत आणून बसवलेला तेग्यू दिसला. ओठ सुजलेला. मग आवाज आपोआप चढला. कुठे थांबायचं, कुठे खाली यायचं – सगळं जागच्या जागी. जेवण वाढणाऱ्या मुली रडल्या. समोर टेपरेकॉर्डर फिरत होता.

त्याला सोडलं. बसपर्यंत येऊ दिलं. मिठी मारताना कानात म्हणाला, "ताई, इतकं चांगलं कशाला बोललीस?"

बसमध्ये चढले.

१९ ऑक्टोबर, ओसाका

चपलांच्या कारखान्यात डिंक लावणारी ओक्जा सकाळी दारात उभी. नवरा गेला, पदरात दोन मुली. आमच्या लोकांच्या सभागृहात माझ्या भाषणाची टेप वाजवतात, तिने ती ऐकली.

"आक्का, बाकीचे काय, बोलतातच. तुम्ही मात्र खोटं बोलणार नाही." परतणाऱ्यांच्या पुढच्या बोटीसाठी तिघींची नावं देऊन आली आहे.

तिला खरं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर होईल. तिथून तिकडे पोचायला वेळ लागत नाही. आणि तेग्यू तिथेच आहे.

तिला आत घेतलं. दार लावलं. म्हटलं, बस.