कर्नलमधली ओळ आणि माझं डोकं

३ तारीख, सोमवार
या वहीत फक्त कामाचंच लिहायचं, ठरलं. सातव्या मजल्यावरचा चष्मेवाला इंजिनिअर मला कॉम्प्युटर शिकवतोय. मी फरशी पुसते, तो बोलतो. कर्नल म्हणजे मशीनची आतली खोली. तिथे थेट हात घातला की मशीन आडवं. म्हणून मदतनीस फंक्शनला, म्हणजे प्रोग्राममधल्या हरकाम्याला, ओळीचा पत्ता द्यायचा आणि आपल्या डब्याचं माप. ते अक्षरांची ओळ आणून डब्यात ठेवतं, मापाबाहेर एक अक्षर नाही. एवढंच. उगाच पगार घेतात ही माणसं.

५, बुधवार
त्याचं मशीन अजून अडकतंय. रोज मलाच सांगतो, दुसऱ्या कुणाला नाही. जावेला म्हटलं. तीही याच इमारतीत झाडते. म्हणाली, बाई, तुला सही करायला दोन मिनिटं लागतात. जळते मेली.

६, सकाळ
सुपरवायझर म्हणाला, सफाईवाल्यांची मुकादम हो. बसून काम, पगार जास्त. सरळ नाही म्हटलं. कॉम्प्युटरच्या लाइनीत निघालेलं माणूस झाडू मोजत बसेल का?

७, शुक्रवार, अकरा वाजता
सापडलं! तो सांगत होता, ओळ मिळाली तर फंक्शन किती अक्षरं आली ते कळवतं, नाही मिळाली तर उणे आकडा देतं. मी म्हटलं, मग? ताडकन उठला. अरे, त्या उणे आकड्यालाच मी ओळीची लांबी धरतोय! म्हणाला, मावशी, तुम्ही नसता तर झालं नसतं. आता 'मग' काय, कुणीही म्हणेल. पण नेमक्या जागी कोण म्हणालं?

१०, सोमवार
मोठी मीटिंग. नवी चप्पल घालून दाराशी उभी. त्याने साहेबांचे आभार मानले, टीमचे मानले, कॉफीच्या मशीनचेसुद्धा मानले. सगळे हसले. माझं राहिलं. गडबडीत होतं माणसाचं.

११
जाऊच मुकादम झाली. पुढच्या सोमवारपासून मला तळमजला, संडासांसकट. म्हणाली, ताई, राग मानू नका. ताई! इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

१२, बुधवार
चष्मेवाल्याच्या टेबलावर रबराचं पिवळं बदक. तो त्याला समजावतोय, पत्ता द्यायचा, माप द्यायचं. शब्दन् शब्द तोच. मी विचारलं, याला काय कळतं त्यातलं? म्हणाला, काहीच नाही मावशी, म्हणून तर बरं. समोर कुणीतरी लागतं, बस.
बदक उचललं, टेबल पुसलं, बदक भिंतीकडे तोंड करून ठेवलं.
बादली घेऊन दारापर्यंत गेले आणि वळून पाहिलं. त्याने ते फिरवून घेतलं होतं.