तक्ता एकदम स्वच्छ

१ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून रोजनिशी. मी बोलायचं, फोनने लिहायचं. अक्षरांशी माझी ओळख कधी झाली नाही, आता या वयात कोण नव्या ओळखी करत बसतं? म्हणजे ही रोजनिशी मलासुद्धा वाचता येणार नाही. याहून खासगी वही कोणाकडे असेल?
कन्येने टॅबलेटवर तक्ता करून दिलाय. रोज उठल्यावर प्रेशरचं मशीन दंडाला लावायचं. वरचा आकडा पहिल्या चौकटीत, खालचा दुसऱ्या. तिसरी त्यांचा हिशेब करून आपली आपण भरते. कन्या तिच्या घरून तेवढीच बघणार. महिनाभर नीट जमलं तर मी इथेच, माझ्या घरात, एकटी. नाहीतर तिच्याकडे. तिच्याकडची ती खोली मी पाहिलीय. खिडकीबाहेर गाड्या धुतात आणि भिंतीपलीकडे वॉशिंग मशीन धडधडतं.
आकडे मला येतात. किरकोळ काम आहे.

२ फेब्रुवारी
तिसऱ्या चौकटीत आकडा नाही. एक जाळी, मग काही अक्षरं, शेवटी एक उभी काठी आणि तिच्याखाली टिंब. तक्त्याला अजून माझी सवय नाही.

५ फेब्रुवारी
पुन्हा जाळी. बोट जाड, चौकट बारीक. आकड्याबरोबर शेजारचं काहीतरी दाबलं जातं. कन्या फोनवर म्हणाली, आई, आजपण एरर आला. म्हटलं, तुझ्या तक्त्याला आला असेल, मी ठणठणीत आहे.
निश्चय: उद्यापासून करंगळी वापरायची.

६ फेब्रुवारी
करंगळीनेही जाळीच.

९ फेब्रुवारी
अगदी तळाशी महिन्याची सरासरी येते म्हणे. तिथेही जाळी. वर एकीचं बिनसलं की खालची रुसून बसते. एकत्र कुटुंबच आहे.
जावयांचा फोन. म्हणाले, खोलीला रंग देतोय, तुम्हाला कुठला आवडतो? विचारलं, कोणाच्या खोलीला? म्हणाले, हवेत गारठा वाढलाय, नाही?
आता काहीतरी केलंच पाहिजे.

११ फेब्रुवारी
टॅबलेट पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे गेले. तो म्हणाला, आजी, चुका काढायच्या की लपवायच्या? विचारलं, काढायला काय करावं लागतं? म्हणाला, रोज आकडे नीट टाकावे लागतात. म्हटलं, लपव.
त्याने दोन मिनिटं टकटक केलं. आता चूक झाली की तिसरी चौकट कोरी राहते. वर मलाच म्हणतो, चूक आहे तिथेच आहे बरं का आजी, फक्त दिसत नाही. म्हटलं, माझे गुडघेही आहेत तिथेच आहेत. मी काय ते रस्त्यात ओरडून सांगत फिरते?

१२ फेब्रुवारी
कोरी. काय ती स्वच्छता! डोळ्यांना थंडावा. आधीच सुचायला हवं होतं.

१३ फेब्रुवारी
कोरी. आज मशीनच लावलं नाही. चौकट तशीही कोरीच राहते, मग दंड आवळून घ्या कशाला? असं चाललं तर महिना हा हा म्हणता निघेल.

१४ फेब्रुवारी, सकाळी
कोरी. कन्येचा फोन. घेतला नाही. आधी कौतुक करेल आणि मग आकडे विचारेल. पुन्हा तिचा. मग जावयांचा. पुन्हा तिचा. एवढं कौतुक? फोन उशीखाली ठेवतेय.

त्याच दिवशी, उन्हं वर आल्यावर
दारावर थापा. आई! अगं आई, दार उघड! कन्याच. एवढ्या लांबून न सांगता आली, म्हणजे मोबाइलवाल्याने चहाडी केली. टॅबलेट आणि उशीखालचा फोन घेऊन बाथरूममध्ये बसलेय. हे कुजबुजत बोलतेय. कंटाळून जाईल. लहानपणापासून तिला दम कसा तो नाही.
बाहेर कोणीतरी सुताराला बोलवा म्हणतंय. बोलावू देत. कडी मजबूत आहे.

त्याच दिवशी, दुपारी
कडी मजबूत होती. दार नव्हतं.
मी उलट्या बादलीवर, मांडीवर टॅबलेट. कन्येने बघितलं, ओल्या फरशीवर बसली आणि माझे गुडघे धरून रडायला लागली. मग म्हणाली, जाळी दिसली की मला कळायचं, आई उठली, चष्मा सापडला, मशीनशी भांडली. तेवढ्यावर माझा दिवस सुरू व्हायचा. यांना मी म्हटलंही होतं, राहू दे तिला तिथेच, रोज चुकतेय म्हणजे छान चाललंय. आणि तीन दिवस नुसतं कोरं. फोनही घेईनास. रस्ताभर मी काय काय...
म्हटलं, आधी सांगायचंस ना, मी मन लावून चुकले असते. हसावी म्हणून म्हटलं. हसली नाही.

१६ फेब्रुवारी
सुतार म्हणतो, लाकूड आतून पोखरलंय, दार नवंच करावं लागेल. बिनदाराच्या घरात राहता येत नाही, एवढं मलाही पटतं. म्हणून चार दिवस कन्येकडे. फक्त दार होईपर्यंत. चार कपडे घेतले, बस.
कन्येने औषधं घेतली. शाल घेतली. मग कपाट गेलं. मग पलंग टेम्पोत चढला. चार दिवसांसाठी पलंग कशाला, हे मी विचारलं नाही. तिच्याकडचे पलंग उंच असतील.
टेम्पोवाला सगळ्या खोल्यांतून फिरून आला. म्हणाला, आजी, आत आता काही राहिलं नाही ना?
म्हटलं, मी आहे अजून.
म्हणाला, तुम्ही पुढे बसा, माझ्याशेजारी.
बसले.